पानिपतचा दाणा, दिल्लीचा कप

दही संपले की कप केराच्या टोपलीत जातो. जेमतेम दहा मिनिटे वापरल्या जाणाऱ्या या वस्तूमागे तेलशुद्धीकरण कारखाना, भट्टीसारखी तापलेली यंत्रे आणि असंख्य हातांचे काम असते. हा कप तयार कसा होतो, कशासाठी चालतो, कशासाठी चालत नाही आणि टोपलीत गेल्यावर त्याचे काय होते?

मे महिन्यातली दिल्ली. पारा चव्वेचाळीस अंशांवर गेलेला. अशा उन्हात रात्री लावलेले विरजण सकाळीच आंबट होऊन जाते. मग जेवणाच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याचा कप येतो. झाकणाची चंदेरी पट्टी सोलली जाते, काकडीची कोशिंबीर कालवली जाते आणि पाने वाढून होईपर्यंत रिकामा कप टोपलीत पडलेलाही असतो.

टाकण्यापूर्वी तो कप कुणी उलटा करून पाहिला, तर तळाशी बहुधा एक लहानसा त्रिकोण दिसेल. त्यात ५ हा आकडा आणि खाली 'पीपी' ही अक्षरे. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा कपाची जात सांगतो. माणसाची जात विचारू नये हे खरे, पण प्लॅस्टिकची मात्र आवर्जून विचारावी. त्यात काय ठेवावे, ते तापवावे की नाही आणि शेवटी त्याचे पुन्हा काही होईल की नाही, हे सारे त्या आकड्यावर अवलंबून असते.

सुरुवात पानिपतातून

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. आजच्या पानिपतची ओळख मात्र हातमागाच्या चादरी, घोंगड्या आणि इंडियन ऑइलचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना अशी आहे. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेला हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. तेलशुद्धीकरण कारखाना १९९८ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये त्याच्या जोडीला नाफ्थापासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करणारा प्रकल्प उभा राहिला.

नाफ्था हा पेट्रोलच्या जवळचा पातळ द्रव. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगळे करताना तोही मिळतो. वाफेबरोबर त्याला सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर क्षणभर तापवले की त्याचे मोठे रेणू तुटतात आणि इथिलीन व प्रॉपिलीन हे दोन वायू हाती येतात. मग या वायूंचे सुटे रेणू योग्य उत्प्रेरकाच्या मदतीने एकापुढे एक ओवले जातात. हजारो मणी ओवून लांब माळ व्हावी, तसे. इथिलीनची माळ म्हणजे पॉलिथिलीन, प्रॉपिलीनची माळ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. अशा उत्प्रेरकांच्या शोधाबद्दल जर्मनीचे कार्ल झिग्लर आणि इटलीचे जुलिओ नाट्टा यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

कारखान्यातून बाहेर पडतो तो साबुदाण्यासारखा दुधी दाणा. व्यापारातही त्याला दाणाच म्हणतात. २५-२५ किलोंच्या गोण्यांत भरलेला हा दाणा ट्रकमधून दिल्लीच्या बाजूला येतो. दिल्लीतला सगळाच दाणा पानिपतचा नसतो. काही गुजरातेतून येतो, पॉलिथिलीन उत्तर प्रदेशातील पाता येथील 'गेल'च्या कारखान्यातूनही येते. पण मुरथलचे पराठ्यांचे ढाबे मागे टाकत दिल्लीच्या उत्तर सीमेवर पोचणारी पानिपतची वाट सर्वांत जवळची.

बवानाचा सोऱ्या

त्या सीमेलगतच नरेला आणि बवाना या औद्योगिक वसाहती आहेत. दिल्लीच्या निवासी वस्त्यांत चालणारे लहान कारखाने हलवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात दिले आणि त्यानंतर बवानाची वसाहत वसली. येथील लहान-मोठ्या गाळ्यांत प्लॅस्टिकचा धंदा मोठा आहे.

कप करणाऱ्या कारखान्यातले पहिले यंत्र म्हणजे एक्स्ट्रूडर. चकलीचा सोऱ्या ज्यांच्या घरात आहे त्यांना ते समजायला वेळ लागणार नाही. एका टोकाला नरसाळ्यात दाणा ओततात. आत लांब पोलादी नळकांडे आणि त्यात फिरणारा आटे असलेला दांडा. नळकांड्याला बाहेरून विजेची उष्णता. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांच्या पुढे वितळते, म्हणून यंत्रातील तापमान २०० अंशांच्या वर ठेवतात. दाणा पुढे सरकता सरकता वितळतो, मिसळतो आणि दुसऱ्या टोकाच्या रुंद, चपट्या फटीतून मधासारखा घट्ट होऊन बाहेर येतो. पांढरा कप हवा असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग असलेला दाणा आधीच मिसळलेला असतो.

बाहेर आलेला तो गरम पडदा पाण्याने थंड ठेवलेल्या चकचकीत लाटांमधून जातो आणि त्याचे एकसारख्या जाडीचे पान बनते. ही जाडी साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी अधिक. ती इकडे-तिकडे झाली तर पुढे कपाची एक बाजू भक्कम आणि दुसरी बोटाने दबणारी होते. म्हणून यंत्रावरच्या कारागिराचे सारे लक्ष या पानाकडे असते.

वाटीने पुऱ्या पाडाव्यात तसे

आता दुसरे यंत्र. त्याचे नाव थर्मोफॉर्मिंग. पानाचा मोठा रीळ त्यात लावतात. पान पुढे सरकते, वर-खालच्या तापकांखाली मऊ होते आणि साच्यावर येऊन थांबते. वरून ठोकळे खाली येतात, मऊ पान खळग्यांत ढकलतात, त्याच क्षणी दाबाची हवा ते साच्याच्या भिंतींवर चेपून बसवते. साच्यात थंड पाणी खेळत असते, त्यामुळे कप लगेच कडक होतो, कडा कापली जाते आणि कपांची रांग बाहेर पडते. या सगळ्याला काही सेकंद लागतात. एका साच्यात अनेक खळगे असल्यामुळे मिनिटाला शेकडो कप तयार होतात. एक किलो दाण्यातून लहान आकाराचे शंभराहून अधिक कप सहज निघतात.

मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडल्या की मध्ये जाळीसारखी कणीक उरते. येथेही तेच होते. गोल कप पाडल्यावर पानाचा बराच भाग जाळी होऊन उरतो. गृहिणी ती कणीक पुन्हा मळते, कारखानदार ती जाळी चुरा करून नव्या दाण्यात मिसळतो. हा चुरा त्याच कारखान्यातला, स्वच्छ आणि एकाच जातीचा असतो, म्हणून हे चालते. बाजारातल्या भंगाराचा चुरा मात्र असा मिसळून चालत नाही.

पुढे कपाची कडा गरम करून किंचित वळवली जाते. त्यामुळे ओठाला ती लागत नाही आणि झाकण चिकटायला जागा मिळते. मग छपाई. कप फिरता असतानाच त्यावर सगळे रंग एकदम उमटतात आणि अतिनील दिव्याखाली ते पटकन वाळतात. कप एकात एक रचून पिशव्यांत बंद होतात आणि दुग्धशाळेकडे जातात. दही तेथे भरले जाते. ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाला आतून उष्णतेने चिकटणारा लेप असतो. तापलेला ठोकळा त्यावर दाबला की कप सीलबंद होतो. अनेकदा दूध कपातच विरजले जाते आणि दही तेथेच लागते.

वीज गेली की

हे काम ऐकायला सोपे वाटते, पण गाळ्यातली उष्णता, सततचा आवाज आणि रात्रपाळी यांतून ते होते. मध्येच वीज गेली तर नळकांड्यातला माल तिथेच थिजतो. वीज आल्यावर ते पुन्हा तापवायचे, जळका माल बाहेर काढायचा, पान पुन्हा एकसारखे येईपर्यंत सगळे चुऱ्यात घालायचे. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की डिझेल जनित्रांवर निर्बंध येतात, तेव्हा या धंद्याची चिंता आणखी वाढते. कपामागे मिळणारा नफा पैशांत मोजायचा, त्यामुळे दोन-चार तासांचे नुकसानही लहान कारखान्याला जाणवते.

मोठा धक्का बसला तो बंदीचा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून दिल्लीत एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आली, पण सदर बाजारातल्या ठोक दुकानांतून पेले आणि ताटल्या मिळतच राहिल्या. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये स्वतःची बंदी जाहीर केली. अखेर १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर ठराविक वस्तू बंद केल्या. प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, काटे, सुऱ्या, नळ्या, ढवळण्याच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचा पातळ कागद, सजावटीचा थर्माकोल या सगळ्यांचा त्यात समावेश झाला.

येथे वाचकाच्या मनात प्रश्न येईल. पाण्याचा पेला बंद आणि दह्याचा कप चालू, हे कसे? दोन्ही तर एकाच यंत्रावर, केवळ साचा बदलून होतात! उत्तर असे, की पेला ही फेकण्यासाठीच घेतलेली वस्तू, तर दह्याचा कप हे मालाचे वेष्टन मानले जाते. वेष्टनावर बंदी नाही, पण ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी तेवढे प्लॅस्टिक परत गोळा होऊन त्यावर प्रक्रिया होईल हे पाहायचे, असा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. ज्यांना दुग्धशाळांची कामे मिळवता आली त्यांनी साचे बदलले. पण दुग्धशाळेला लागणारी स्वच्छता, तपासण्या आणि कागदपत्रे सांभाळणे प्रत्येक लहान गाळ्याला परवडणारे नव्हते. काहींनी कागदी पेल्यांची यंत्रे घेतली.

फुग्याची पिशवी, थरांचे पाकीट

दुधाची पिशवी वेगळ्या पद्धतीने होते. वितळलेले पॉलिथिलीन गोल फटीतून वर ओढतात आणि आत हवा सोडतात. छतापर्यंत जाणारा लांबलचक फुगा तयार होतो. वर तो थंड होऊन चपटा होतो आणि रिळावर गुंडाळला जातो. या पिशवीची जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. दुग्धशाळेत एकच यंत्र त्या रिळापासून पिशवी करते, दूध भरते आणि सील करते.

चिप्सच्या पाकिटाची गोष्ट निराळी. कुरकुरीतपणा टिकवायचा तर आत ओल, हवा आणि उजेड जाता कामा नये. म्हणून प्लॅस्टिकचे पातळ थर एकमेकांना चिकटवतात आणि आतल्या बाजूला निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. तो चंदेरी थर मायक्रॉनच्याही शंभराव्या भागांत मोजावा इतका पातळ असतो. पाकिटात फुगवलेली हवा म्हणजे खरे तर नायट्रोजन, तेलाला खवट होऊ न देणारा. खाद्यपदार्थ टिकवण्यात हे पाकीट कपाच्या कितीतरी पुढे आहे. पण वेगवेगळ्या जातींचे थर एकदा चिकटले की ते सोडवणे फार कठीण. कप एकाच जातीचा, म्हणून पुन्हा वितळवता येतो. पाकिटाला भंगारात कुणी विचारत नाही. कुठल्या वस्तूला दुसरा जन्म मिळणार, हे असे कारखान्यातच ठरून जाते.

थंड दही आणि उकळता चहा

घरच्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न आरोग्याचा. अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकमधून काही अंश अन्नात उतरू शकतात, म्हणून भारतीय मानकांनुसार त्याची चाचणी होते. पाणी, सौम्य आम्ल, मद्यार्क, तेलासारखे द्रावण अशा द्रवांत ठरलेल्या तापमानाला ते ठेवायचे आणि किती उतरले ते मोजायचे. एक किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

यात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात : उष्णता, तेल आणि वेळ. तिन्ही वाढल्या की उतरणेही वाढते. दही थंड असते आणि लवकर संपते, म्हणून कप त्याच्यासाठी योग्य. त्याच कपात उकळते सांबार ओतले किंवा लोणचे महिनाभर ठेवले तर तो त्यासाठी बनवलेलाच नव्हता. ६ आकड्याचे पॉलिस्टायरीन तर ९०-१०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. अशा पेल्यात वाफाळता चहा ओतला की तो हातात लिबलिबतो, याचे कारण हेच. ढाब्यावरून पातळ पिशवीत बांधून आणलेली गरम दाल-मखनी ही सोय तशीच धोक्याची. उष्णता आहे आणि लोणीही आहे.

मग कागदी पेला निर्धोक का? तो निव्वळ कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पेल्यांत ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटे ठेवले, तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण आढळले. शिवाय कागद आणि प्लॅस्टिक चिकटलेले, म्हणजे पुन्हा चिप्सच्या पाकिटाचीच अडचण. रेल्वेने २००४ मध्ये लालूप्रसाद यादव मंत्री असताना मातीचे कुल्हड आणले, पण मोठ्या प्रमाणावर ते टिकले नाहीत. घरच्या आणि कार्यालयाच्या चहाला स्टीलचा किंवा काचेचा पेलाच बरा.

टोपलीनंतरचा प्रवास

दह्याने माखलेला कप ओल्या कचऱ्यात गेला तर त्याचा रस्ता बहुधा गाझीपूर, भलस्वा किंवा ओखला येथील कचऱ्याच्या डोंगराकडे जातो. गाझीपूरचे मैदान १९८४ मध्ये सुरू झाले, २००२ मध्येच त्याची क्षमता संपली, तरी कचरा पडत राहिला. २०१९ च्या सुमारास त्याची उंची ६५ मीटरच्या घरात होती, म्हणजे कुतुबमिनारपेक्षा थोडीच कमी. १ सप्टेंबर २०१७ रोजी या डोंगराचा एक भाग ढासळला, रस्त्यावरची वाहने शेजारच्या कालव्यात फेकली गेली आणि दोन जणांचे प्राण गेले. उन्हाळ्यात तेथे आगी लागतात, धूर आजूबाजूच्या वस्त्यांत पसरतो. कचरा वेचणारी कुटुंबे त्याच ढिगाऱ्यातून हाताने प्लॅस्टिक निवडतात. आंबलेल्या दह्याच्या कपाला त्यांनाही कमीच भाव मिळतो.

काही कचरा जाळून वीज करण्याच्या प्रकल्पांत जातो. असा एक प्रकल्प २०१७ मध्ये नरेला-बवाना येथेच सुरू झाला. बवानात जन्मलेला कप दिल्लीच्या एखाद्या घरात दहा मिनिटे राहून बवानातच जळायला परत यावा, असेही घडू शकते!

कप धुतलेला आणि कोरडा असेल तर त्याची वाट बदलते. कबाडीवाला तो वजनावर घेतो. पुढे मुंडका, टिकरी कलां या भागांतल्या भंगार बाजारात जातीनुसार निवड होते, चुरा होतो, पुन्हा दाणा बनतो. त्यातून बादल्या, मग, कुंड्या होतात. खाण्याचा कप मात्र त्यातून होत नाही, कारण तो दाणा आधी कशात होता याची खात्री नसते. काळ्या, भडक पिशव्यांत भाजी-फळे सोडून उघडे अन्न ठेवू नये, ते याच कारणाने.

घरात काय पाहावे?

• तळाचा आकडा वाचावा. ५ असेल तर थंड व कोमट पदार्थांना चालतो. ६ असेल तर गरम काहीही घालू नये.

• दह्या-श्रीखंडाचे कप डाळ-रवा यांसारख्या कोरड्या वस्तूंसाठी वापरावेत. लोणचे बरणीतच ठेवावे. चरे पडलेला, पिवळा झालेला डबा भंगारात द्यावा.

• चंदेरी झाकण पूर्ण सोलून वेगळे टाकावे. ते कपाला लोंबकळत राहिले तर दोन जाती पुन्हा एकत्र होतात.

• दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नये. तो चिमुकला त्रिकोण कुणालाच वेचता येत नाही.

• वर्तमानपत्रात बांधलेले वडे-भजी घेऊ नयेत. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून २०१८ च्या खाद्यवेष्टन नियमांनी ते मना केले आहे.

दिल्लीत वेष्टनाशिवाय दूध घेण्याची सोयही जुनी आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मदर डेअरीच्या केंद्रांवर टोकन टाकून यंत्रातून आपल्या भांड्यात सुटे दूध घेता येते. किटली घेऊन रांगेत उभे राहायचे, घरी येऊन दूध तापवायचे आणि उन्हाळ्यात विरजण जरा उशिरा, भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून लावायचे.

ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवशी कप येणारच. महाराष्ट्रात कितीतरी घरांत दुधाच्या पिशव्या धुऊन, खिडकीच्या गजांवर वाळवून, महिन्याकाठी भंगारवाल्याला देण्याची पद्धत आहे. दह्याच्या कपाला तेवढीच मेहनत लागते. भांडी घासताना त्यात थोडे पाणी फिरवायचे, उलटा ठेवायचा आणि वाळला की कबाडीच्या पिशवीत टाकायचा.